रडणारीसाठी एक रडणारी

चि. धाकट्या बुआनला तिच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे बोंगछीचे, युनलिनहून पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? वरचा दात बसवलास, की अजून हात तोंडावर धरूनच हसतेस? सीताफळांची पेटी पोचली. खालच्या रांगेतली दोन वाटेतच पिकून फुटली होती, ती मी दारातच उभ्या उभ्या खाल्ली आणि उरलेली मंदिरात नेली. तिथे लोबाई म्हणाल्या, की बुद्धाच्या डोक्यासारखं दिसणारं फळ आधी बुद्धापुढे ठेवायचं आणि मग खायचं. (ह्या लोबाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्यापासून मंदिराच्या सेवेकरी बायकांच्या प्रमुख आहेत, म्हणजे शाळा फक्त बदलली.) मी म्हटलं, दोन आधीच पोटात गेलीत, त्यांचं काय करू? त्या म्हणाल्या, "अमितोफो." बुआन, मंदिरात अमितोफो म्हणजे बुद्धाचं नाव, ते खरंच, पण नमस्कारही तोच, आभारही तेच, माफ करा, सरका जरा, चहा घ्या आणि आता तोंड बंद करा हेसुद्धा तेच. कुठला कोणता ते आवाजावरून ओळखायचं. माझ्या वाट्याला बहुतेक शेवटचाच येतो.

सूनबाई यूश्वे, तू हे पत्र सासूला वाचून दाखवतेयस, तेव्हा सगळं वाच गं बाई. मागच्या पत्रात तुझ्या रश्श्यातल्या मिठाबद्दल मी एक वाक्य घातलं होतं. ते तू गाळलंस. मला कळलं, कारण बुआनने त्यावर उलट काहीच कळवलं नाही, आणि तुझ्या रश्श्याचा विषय निघाल्यावर बुआन गप्प राहील हे होणे नाही. तू गुणी आहेस, पण मीठ कमीच घाल.

अक्षर बदललेलं दिसेल. आधी मला औषधांच्या दुकानातला वांग पत्र लिहून द्यायचा, पण तो माझं बोलणं सुधारायचा. मी म्हणायची 'तो मेला', हा लिहायचा 'ते गृहस्थ'. मग तुला कसं कळणार मी कोणाबद्दल बोलतेय? म्हणून ह्या वेळी मंदिरातल्या रूहाय शिफूंना धरलं. शिफू माझ्या नातीच्या वयाच्या, डोकं गुळगुळीत, कान जरा मोठे, आणि संन्यास घेताना खोटं बोलणार नाही अशी शपथ घेतलेली. मी म्हटलं, वा, असा लेखनिक मला आयुष्यात मिळाला नव्हता! जे तोंडातून येईल ते जसंच्या तसं कागदावर. कानांबद्दलही लिहावं लागलं बिचारीला. (मी खोटं लिहिणार नाही एवढंच म्हणाले होते. सगळं लिहीन असं म्हणाले नव्हते. कानांचं मात्र लिहिलं आहे. — रूहाय) काय खरडलं मध्येच, कोण जाणे. मला काय, वाचता येत नाही, सगळी अक्षरं मुंग्याच.

तर मी मंदिरात कशी अडकले ते तुला माहीत नाही. लसूण निवडायला खाली बसलं की उठवायला दोघं लागायला लागली, तेव्हा शेतातलं काम सुटलं. घरी बसून सुनेच्या पाठीमागे बडबड करायची, आणि सून तिच्या फोनमध्ये बडबड ऐकायची, ती दुसऱ्याच कोणाची तरी. शिफू म्हणाल्या, मंदिरात या, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी डबे करतो आम्ही. गेले. भात, टोफू, रताळ्याचा पाला, कधी मुळ्याची वडी. कांदा नाही, लसूण नाही. अगं, सगळं गाव लसणावर जगतं, रस्त्याच्या कडेला लसूण वाळत पडलेला, माणसाच्या घामाला लसणाचा वास, आणि मंदिराच्या स्वयंपाकघरात शिरण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचे. माझी वडी फार चिवट झाली म्हणून मला चुलीवरून काढून डबे पोचवायला लावलं. ते मला मानवलं. पण एखाद्या म्हाताऱ्याच्या हातात डबा ठेवायचा आणि "येते हं" म्हणून निघायचं, हे माणसाचं काम आहे का? तो म्हणतो, बस ना. आपण बसतो. पहिल्या घरी डबा वाफाळता पोचायचा आणि शेवटच्या घरी दिवेलागणीला. लोबाईंना तक्रारी गेल्या. त्या म्हणाल्या, "छीताई, (मंदिरात सगळ्याजणी एकमेकींना ताई म्हणतात, आजेसासू असली तरी) छीताई, तुम्हाला बोलायची एवढी हौस, तर तुम्ही इस्पितळात आजाऱ्यांच्या सोबतीला का जात नाही?" मला वाटलं, मान मिळाला. नंतर कळलं, डब्यांपासून लांब ठेवायचं होतं.

आणि तिथे बोलायचंच नसतं गं! आधी शिकवणी असते. शिफू ते काम इस्पितळात रीतसर शिकून आल्यात, त्या शिकवतात. आजाऱ्याला उपदेश करायचा नाही. आपलं दुखणं सांगायचं नाही. 'होशील बरी' म्हणायचं नाही. ह्याच दुखण्याने कोण कोण गेलं ते तर अजिबातच सांगायचं नाही. मी विचारलं, मग बोलायला उरलं काय? शिफू म्हणाल्या, "ऐकायचं." सरावाला लोबाई आजारी होऊन खाटेवर निजल्या आणि म्हणाल्या, मला झोप लागत नाही. झालं. त्यांनी डोळे उघडेपर्यंत माझा त्यांना तिळाच्या तेलाचा उपाय सांगून झाला होता, माझा पित्ताचा खडा कसा फोडला ते सांगून झालं होतं, आणि त्यांच्या घटस्फोटित मुलासाठी एक स्थळसुद्धा सुचवलं होतं. "अमितोफो," लोबाई म्हणाल्या. कुठला ते तू ओळखलंसच.

तरी मला पिवळं जाकीट मिळालं. (मागे काहीतरी छापलंय, काय ते मला ठाऊक नाही, पण स्कूटरवाले रस्ता देतात.) पहिल्या दिवशी एक म्हातारबुवा वाट्याला आला, तो भिंतीकडे तोंड करून निजलेला. मी त्याच्या पाठीशी तासभर बसून राहिले. बाहेर आल्यावर मी शिफूंना म्हटलं, आज मी एका पाठीचं ऐकून आले. तर म्हणाल्या, पाठही बोलते. असल्या वाक्यांवर लोक वह्या काढून लिहून घेतात, मला आपली चहाची आठवण होते. पण बुआन, दुसऱ्या खेपेला तो पाठमोरा असतानाच म्हणाला, "खिडकी जरा लावा." तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की मी खिडकी लावली आणि एक अक्षर बोलले नाही. माझ्या नवऱ्यालासुद्धा मी कधी एवढं सुख दिलं नसेल.

आता मुद्द्याचं. त्याच वॉर्डात (जिथे बरं करायची औषधं थांबवतात आणि दुखू नये म्हणूनच देतात, तो) खिम आली. आपली खिम, भाड्याने रडणारी! गेल्या कित्येक वर्षांत ह्या पंचक्रोशीत अशी म्हातारी मेली नाही जिच्या दारात खिम गोणपाटाची टोपी घालून, माईक हातात धरून, "आई गं, मला टाकून कुठं चाललीस" म्हणत रांगत आली नाही. ज्या लेकी परगावी असायच्या, ज्यांचा गळा बसलेला असायचा, ज्यांना आईबद्दल तेवढं वाटतच नसायचं, त्या सगळ्यांच्या वतीने खिम. तिने हेल काढला, की बँडवाल्यांचे डोळे भरायचे. आणि कार्य उरकलं, की तोंड पुसून तेलातला चिकट भात तीन वाट्या खायची आणि यजमानणीला सांगायची, शेंगदाणे कच्चे राहिलेत. ती ही खिम. यकृत गेलंय. अंगाचा पिवळा कागद झालाय आणि एवढा मोठा आवाज, तो आता दोऱ्याएवढा उरलाय. पण जीभ शाबूत आहे. मला बघितल्या बघितल्या म्हणाली, "हे पिवळं काय घातलंस? रस्त्याची डागडुजी करायला आलीस?"

तिला माणूस म्हणून एकच मुलगा, लिओंग. सिमेंटचा ट्रक चालवतो. नवरा त्याच्या लहानपणीच गेला, मुलगी नाही. लिओंग रोज येतो, पायाशी बसतो, आणि आईने काही विचारलं तर 'हं' म्हणतो. आपल्या गावातली माणसं कमी बोलतात हे कबूल, पण लिओंगच्या मानाने त्याचा ट्रक गप्पिष्ट आहे.

एके दिवशी लोबाई आणि शिफू तिच्याकडे शेवटच्या वेळेचं बोलायला आल्या. बोलावं लागतं ते, आधी बोललेलं चांगलं. लोबाईंनी समजावून सांगितलं, की ताई, वेळ आली की आम्ही सगळ्याजणी येऊ, पाळीपाळीने तुमच्याजवळ बसून बुद्धाचं नाव घेत राहू. तुम्हाला कोणी हलवणार नाही, कोणी हात लावणार नाही, आणि जवळ कोणी रडणार नाही. रडलं की जाणाऱ्याचं मन मागे ओढलं जातं. सगळं शांत, सगळं छान. खिमने एक डोळा उघडला.

"आणि रडायचं कोणी?"

"कोणीच नाही, ताई. तेच तर सांगतेय."

"नंतर?"

"नंतरही नामस्मरणच."

"मग मी मरत नाही," खिम म्हणाली आणि डोळा मिटला.

लोबाईंना वाटलं, चेष्टा करतेय. चेष्टा कसली! दुसऱ्या दिवसापासून तिने मंदिराचं काही म्हणजे काही घेणं बंद केलं. पेज परत, माळ परत. उशाशी ते नाम जपणारं प्लास्टिकचं डबडं ठेवतात ना, दिवसरात्र अमितोफो अमितोफो गात असतं, ते तिने उचललं आणि शेजारच्या खाटेवरच्या फांग आजी गाढ झोपलेल्या बघून त्यांच्या खणात सरकवलं. फांग आजी उठल्या त्या उशाखालून, गादीतून, कुठूनतरी नामस्मरण ऐकतच. आयुष्यभर पुण्य केलेली बाई. तिने ओळखलं, की आपण गेलो. नर्स जेवण घेऊन आली तेव्हा म्हणाल्या, "आता कशाला?" मग अंथरूण नीट केलं, केसांवरून हात फिरवला, नर्सला हळूच विचारलं, "इथे चपला बाहेर काढायच्या का?" आणि इकडे वळून खिमला बघितलं तर म्हणाल्या, "अगबाई, तू पण?" खिम म्हणाली, "मी नाही. माझं अजून ठरत नाहीये." संध्याकाळी फांग आजींचा जावई आला तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली. म्हणाल्या, हा इथे आहे म्हणजे मी अजून पोचलेले नाही.

ह्यावर सगळा वॉर्ड हसला, मीही हसले, मग खिमशेजारी बसले आणि ऐकायला लागले. तिने माझ्याकडून उशी नीट करून घेतली. नंतर म्हणाली, "छी, मी दुसऱ्यांच्या किती आयांना आई म्हटलं असेल? ओळख ना पाळख. चांगल्या होत्या, खाष्ट होत्या, एक तर अशी होती की सुनेने मला आत नेऊन सांगितलं, फार नको रडूस, थोडक्यात आटप. सगळ्यांसाठी मी गुडघे सोलून घेतले. आता माझी वेळ आली, तर म्हणे शांत राहा. मला नकोय शांत. मी शांततेत जाणारी बाई आहे का? आणि मला सोडून रडणारी ह्या गावात उरलीय कोण? लिओंग? म्हैस मेली तेव्हा तो ट्रक धुवायला निघून गेला."

बुआन, शिकवणीत सांगितलं होतं, अशा वेळी गप्प बसायचं. मी बसले गप्प. मला जमलं, कारण बोलायला काही सुचलंच नाही.

मग ती म्हणाली, "तू रड ना. आत्ता. मी गेल्यावर कोणी कसं रडलं हे मला काय कळणार? मला ऐकू येतंय तोवर रडून दाखव. चुकलं तर सांगता येईल." मी म्हटलं, अगं, मी तुझ्याहून थोरली, मी तुला आई कसं म्हणू? ती म्हणाली, मी माझ्याहून लहान बायकांनाही आई म्हटलंय, धंदा आहे, लाज कसली धरतेस! झालं. दुपारची वेळ, भेटायला आलेली माणसं खाटाखाटांशी बसलेली. मी एकदा दाराकडे बघितलं, जाकिटाची चेन वर ओढली आणि गळा काढला.

पुढे काय झालं ते मी सांगितलेलं बरं, नाहीतर तुझ्या कानावर भलतंच येईल. दोन नर्सा धावत आल्या, त्यांच्या मागून डॉक्टर. पलीकडच्या खाटेवरच्या माणसाच्या तीन लेकींना वाटलं आपलाच गेला, त्यांनी तिथून सूर धरला आणि तो बिचारा उठून बसून "मी आहे, मी आहे" म्हणत हात हलवतोय. फांग आजी म्हणाल्या, "आता कोण, नक्की सांगा, माझी सारखी धावपळ होते." आणि नेमक्या त्याच वेळी लोबाई डबे घेऊन दारात. पिवळ्या जाकिटातली बाई फरशीवर कपाळ आपटतेय आणि मरणारी बाई उशीला टेकून म्हणतेय, "थांब, थांब. ही भाजीवाली ओरडतेय. खालून सुरू कर. श्वास पुरत नाही तर एवढा हेल घेतेस कशाला? आणि नुसतं आई, आई काय? आईने काय केलं ते सांग! कोणता भात, कोणतं लुगडं, कोणता मार! त्याशिवाय डोळ्यांतून टिपूस निघणार आहे का कोणाच्या?"

लोबाईंनी तिथल्या तिथे माझं जाकीट काढून घेतलं. मंदिरात बैठक बसली. लोबाई म्हणाल्या, मरणाऱ्याच्या खाटेशी आकांत! हेच शिकवलं आपण? मंदिराचं नाव काय राहिलं? त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. त्यांच्या स्वतःच्या आईच्या वेळी घरात कोणी रडलं नाही, सगळे नाम घेत बसले, आणि म्हातारी अशी हसऱ्या तोंडाने गेली म्हणे, की लोबाईंना अजून ते आठवलं की धीर येतो. त्यांना खिमलाही तेच द्यायचं होतं. मी मान खाली घालून बसले होते. (छीताई मान खाली घालून बसल्या होत्या आणि शेंगा सोलत होत्या. — रूहाय) शिफू सगळं ऐकत होत्या. मग उठल्या आणि कोणाला काही न बोलता एकट्याच खिमकडे गेल्या. खूप वेळ होत्या. परत आल्या त्या एवढंच म्हणाल्या, की शेवटी मन कशात अडकू नये म्हणून आपण शांत राहतो. खिमताईंचं मन रडण्यातच अडकलंय. मग ते आधी सोडवून देऊ. रडणं आत्ता, त्या ऐकत असताना. वेळ येईल तेव्हा शांतता. दोन्ही होईल. लोबाई म्हणाल्या, "अमितोफो." हा नवीनच होता, मी आधी ऐकला नव्हता. सोडा एकदाचं, असा काहीतरी.

जाकीट परत मिळालं.

मग परीक्षा सुरू झाल्या. वॉर्डाच्या टोकाला उन्हाची गच्ची आहे, तिथे दार लावून घ्यायचं, खिमला चाकांच्या खुर्चीत बसवायचं आणि मंदिरातल्या एकेकीने येऊन रडून दाखवायचं. खिमचे गाल वर आले गं! पेज मागून घ्यायला लागली. स्वयंपाकघरातली एकजण रडायला बसली आणि तिला हसूच आवरेना. दुसरी खरंच रडली, पण स्वतःच्या नवऱ्याच्या आठवणीने. खिम म्हणाली, ते तुझं तू घरी रड. लोबाईही आल्या. हो, आल्या! त्यांनी चष्मा काढला, हात जोडले आणि "आई, तुम्ही अत्यंत कष्टाळू होतात" असं सुरू केलं. खिम म्हणाली, "बाई, हजेरी घेताय का?" पण नंतर त्यांचा हात धरून ठेवला आणि म्हणाली, तुमचं ते नाम घ्यायचं मात्र तुम्हीच घ्या, आवाज सरळ आहे. शिफूंनीही प्रयत्न केला. त्यांना एक शब्द फुटला नाही, नुसत्या खिमकडे बघत राहिल्या आणि त्यांचं नाक लाल झालं. (थंडी होती. — रूहाय) (मघाशी खोटं लिहिणार नाही म्हटलं. थंडी नव्हती. — रूहाय) मधेच एवढं काय लिहिताय हो शिफू?

शेवटी लिओंगला उभं केलं. एवढा मोठा माणूस, सिमेंटने केस पांढरे झालेले. तो म्हणाला, "आई." मग तोंड उघडं राहिलं, पुढचं काही येईना. मग खाली बसला आणि खुर्चीचं चाक तपासायला लागला. चाकाला काहीही झालेलं नव्हतं. त्याने ते काढलं, पुसलं, परत बसवलं. खिम त्याच्या डोक्याकडे बघत होती. म्हणाली, "राहू दे. हा असाच. पाठीवर बांधून अंत्ययात्रांना न्यायची मी ह्याला. सगळे रडायचे आणि हा झोपायचा." मग आत न्या म्हणाली. त्या दिवशी पेज घेतली नाही.

तर असं इथलं सगळं. आता पत्र पुरे करते, शिफूंचा हात दुखत असेल. तुला काही काम सांगायला लिहिलेलं नाही, सहज आठवण आली म्हणून लिहिलं. तू उगाच इकडे यायचं डोक्यात घेऊ नकोस. बागेला पाणी कोण देणार, गुडघ्यांनी एवढा प्रवास कसा होणार? मुली झालो म्हणून आपल्या आईबापांनी माझं नाव ठेवलं बोंगछी, म्हणजे 'ठेवून घेऊ आता, काय करणार', आणि तुझं ठेवलं बुआन, म्हणजे 'पुरे'. एवढं असूनही आपण दोघी टिकलो, हे काय कमी आहे? तब्येत सांभाळ. तुझ्या मुलाला आणि नातवंडांना आशीर्वाद. यूश्वे, नीट वाचलंस, शाबास.

तुझी थोरली बहीण
बोंगछी

ता. क. बुआन, तू ये. वर शेवटी लिहिलंय ते लोबाई समोर येऊन बसल्या म्हणून, त्यांना वाटतं पत्रात कोणाकडे काही मागू नये. त्या गेल्या आता. काल खिमने मला विचारलं, "तुझी ती धाकटी आहे का अजून?" मी म्हटलं, कोण, बुआन? तिला अजून आठवतेयस तू! आपली आई गेली तेव्हा वादळाने डोंगरातला रस्ता तुटला होता, तू येणार नाहीस असं धरून तुझ्या वाटचं रडायला दादाने खिमला बोलावलं होतं. ती माईक लावून उभी होती आणि तू गावाच्या फाट्यापासून चिखलातून, लेकीने यावं तशी, रांगत आलीस. आई, भाताची करपलेली खरवड तू माझ्यासाठी लपवून ठेवायचीस, आता ती कोणाकडे मागू, असं म्हणत होतीस. मला तर तेव्हा रडण्याच्या भरात काही ऐकू येत नव्हतं, खिम सांगते. ती म्हणते, मी माईक बंद केला आणि बाजूला झाले, आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी. म्हणते, ही बाई माझ्यासाठी रडली तर मी शांत पडून राहीन, मग लोबाईंना काय म्हणायचं ते म्हणू दे.

ता. क. दुसरा. तू म्हणशील, परक्या बाईसाठी काय सांगून रडू? म्हणून सांगून ठेवते. तिला शेंगदाण्यांचं सूप भलतंच गोड हवं असतं, चमचा उभा राहील एवढी साखर. एका घरी जे रडली ते दुसऱ्या घरी कधी रडली नाही, प्रत्येक म्हातारीची चौकशी आधी शेजारणींकडे करून यायची. लिओंगला पाठीवर बांधून अंत्ययात्रांना न्यायची, ते वर आलंच आहे. मोठमोठ्या मिरवणुकांपुढे छाती काढून चालायची, पण बदकांना घाबरते, बदक दिसलं की भाताच्या खाचरातून लांबची वाट धरते. बदकांचं घालू नको म्हणाली. घाल. आणि तिला आई म्हण. लिओंगही तिथे असेल. तू म्हणायला लागलीस तर कदाचित त्याचंही पुढचं निघेल.

ता. क. तिसरा, हा शेवटचा. मी तिला सांगितलं, बुआन येते. ती म्हणाली, "मग मी थांबते." डॉक्टर काहीतरी बोलत होते शिफूंशी, पण डॉक्टरांना खिम माहीत नाही. ती म्हणाली ना थांबते, म्हणजे ती तू पोचेपर्यंत थांबणार, नाक वर करून. म्हणून बुआन, नक्की ये, पण घाई करू नकोस. बागेचं बघ, शेजारणीला पाणी घालायला सांग, दात बसवून घे. आणि साध्या गाडीने ये, प्रत्येक स्टेशनात थांबणाऱ्या. जितकी उशिरा येशील तितके दिवस खिम आमच्याकडे.

(बोंगछीचा अंगठा)

(बुआनताई, छीताई अंगठ्याची शाई धुवायला गेल्या आहेत. जलद गाडीनेच या. — रूहाय)